डिप्लोमावाली आणि डी अँझावाला

नमस्कार मंडळी. बटाटेवड्यांचा वास इथपर्यंत यायला लागलाय, त्यामुळे फार वेळ घेत नाही.

गेल्या वर्षी गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत एका काकूंनी मला विचारलं, "काय गं, कुठे लागला लेकाचा नंबर?" मी म्हटलं, "इथेच जवळ, घरूनच जातो," आणि घाईघाईने मसालेभाताकडे वळले. लेक मागेच ताट घेऊन उभा होता. परत जाताना गाडीत म्हणाला, "आई, तू डी अँझाचं नाव का नाही घेतलंस?"

डी अँझा म्हणजे आपल्या कूपर्टिनोतलं कम्युनिटी कॉलेज. मी गप्प. कारण मी स्वतः डिप्लोमावाली. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. बारावीहून आलेली मुलं आम्हाला मागच्या दाराने घुसलेले समजायची. लेथवर जॉब करायची वेळ आली की मात्र आमच्याभोवती गोळा व्हायची. (एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या पेपरात आम्ही गटांगळ्या खायचो, तेही सांगून टाकते.) शेवटी डिग्री सगळ्यांना एकच मिळाली. हे सगळं भोगून इथे आले आणि मुलाच्या बाबतीत मीच नाव लपवलं!

आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हणजे 'कुठेच मिळालं नाही म्हणून' अशी समजूत आहे. कॅलिफोर्नियात ती मुळातच चुकीची आहे. १९६० च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनपासून इथली रचनाच तशी आहे: पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, पुढची दोन युनिव्हर्सिटीत. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्या दोन फ्रेशमनमागे कॉलेज बदलून येणारा एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा हे युसीचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं धोरण आहे, आणि त्या ट्रान्सफरवाल्यांत बहुसंख्य याच कॉलेजांतले असतात. पदवीच्या कागदावर 'आधी कुठे होता' असं काही छापत नाहीत. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाकसुद्धा काही काळ डी अँझात शिकला आणि मग युसी बर्कलीला गेला.

पैशांचं बोलायला आपण लाजतो, पण आकडे ऐका. डी अँझात राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ३१ डॉलर. ट्रान्सफरसाठी लागतात ९० क्वार्टर युनिट्स (क्वार्टर म्हणजे तीनेक महिन्यांचं सत्र), म्हणजे दोन वर्षांचे २,७९० डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. युसीत नुसती ट्यूशन आणि फी वर्षाला चौदा हजारांच्या पुढे, आणि राहणं-खाणं धरलं तर चाळीस हजार ओलांडतात. आई-वडिलांच्या वर्क व्हिसामुळे एच-फोरवर आलेल्या मुलांना फेडरल सरकारची मदतही मिळत नाही. आपल्यातल्या किती घरांत हा प्रश्न आहे ते मी सांगायला नको.

आता दुसरी बाजू. ट्रान्सफर करायचंच म्हणून आलेल्यांतली बरीच मुलं पुढे जातच नाहीत. हुशारी कमी पडते असं नाही, साखळी तुटते. इंजिनिअरिंगचं घ्या. मॅथ वन-ए झाल्याशिवाय वन-बी नाही, मग वन-सी, वन-डी. फिजिक्स फोर-ए ते फोर-डी त्याला समांतर. एक क्वार्टर हुकला की पुढचं सगळं सरकतं. आमच्याकडे पहिल्याच वर्षी हे झालं. रजिस्ट्रेशनची तारीख आम्ही भारतातल्या लग्नाच्या गडबडीत विसरलो. चूक सर्वस्वी आमची. फिजिक्सच्या वर्गातल्या जागा भरून गेल्या आणि उन्हाळ्याची सुट्टी ते भरून काढण्यात गेली.

म्हणून पहिल्या आठवड्यातच असिस्ट ही साइट उघडा. कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या कॅम्पसला कशाच्या बदल्यात चालतो, ते तिथे मेजरप्रमाणे, म्हणजे मुख्य विषयाप्रमाणे दिलेलं असतं. मित्राचं ऐकून कोर्स घेऊ नका. काउन्सेलरची वेळ घ्या आणि पुन्हा घ्या. टॅग म्हणजे हमीचा प्रवेश युसीचे सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. त्यातला एकच निवडायचा, आणि अर्ज सप्टेंबरमध्ये. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. आणि काही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्ससारखे मेजर हमीतून वगळलेले असतात. 'टॅग आहे ना, मग झालं' म्हणून निर्धास्त राहिलेले पालक मी पाहिलेत.

सगळ्यांनीच हे करावं असं मी म्हणत नाही. ज्याला हव्या त्या मेजरला थेट प्रवेश मिळालाय आणि घरावर कर्जाचा डोंगर चढणार नाही, त्याने खुशाल जावं. पहिल्या वर्षापासून प्रोफेसरच्या लॅबमध्ये शिरायचंय, त्यानेही जावं. आणि घरात राहून ज्याला आईच जागं करते, त्याला तर पाठवाच! डॉर्मचं आयुष्य हुकतं, तेही खरं. सगळे मित्र बॅगा भरून गेले त्या ऑगस्टमध्ये आमचा मुलगा दोन आठवडे खोलीतून फारसा बाहेर आला नाही. त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. मग वर्ग सुरू झाले, लिनिअर अल्जिब्राचा अभ्यास करणारी चार पोरं भेटली, त्यांत एक तिशीतला, दोन मुलांचा बाप. रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर ते पाचही जण बसतात. तो बाप सगळ्यात आधी येतो, कारण त्याला बेबीसिटर तीनच तास मिळते. पोह्यांचं पातेलं मला आता मोठं काढावं लागतं.

जेवणानंतर मी चहाच्या टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसणार आहे. अकरावी-बारावीतल्या मुलांना घेऊन या, असिस्ट एकत्र उघडून बघू. लेकही येणार होता, पण उद्या डी अँझात त्याची मिडटर्म आहे. काकू, ऐकताय ना? डी अँझात!