डिझाइन शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की घरोघरी पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. अलीकडे त्या चर्चेत एखादी मुलगी किंवा मुलगा ठामपणे सांगतो, "मला डिझाइन करायचंय, डिजिटल मीडियात." त्यावर आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, "तिथे कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात?"

प्रश्न काळजीपोटी आलेला असतो, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. सॉफ्टवेअर गावातल्या क्लासमध्येही शिकता येतं, आणि दोन-चार वर्षांत ते बदलतंही. पदवीची चार वर्षं द्यायची, ती माणसं कशी वागतात, वस्तू कशा वापरतात, हे पाहायला शिकण्यासाठी.

आपल्याकडच्या डिझाइन शिक्षणाची सुरुवातच अशा पाहण्यातून झाली. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्यानं देशभर फिरून भारत सरकारला एक अहवाल दिला. पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमधून त्यांनी निवडला तो लोटा. पाणी किती मावायला हवं? हातात, कमरेवर, डोक्यावर तो कसा नेतील? भरलेला असताना तोल कुठे जातो, रिकामा असताना कुठे? डोळे मिटून हात फिरवला तर कसा वाटतो? मोडीत घातला तर किती पैसे येतील? असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका लोट्याला विचारले. या अहवालानंतर 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत आयडीसी, म्हणजे तिथलं औद्योगिक डिझाइन केंद्र, सुरू झालं.

आता लोट्याच्या जागी मोबाइल ठेवा. ऑगस्ट 2021 पासून राज्यभर मोबाइल ॲपवरून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. डिझाइनच्या विद्यार्थ्यानं इथे काय पाहायचं? दुपारच्या उन्हात पडदा दिसतो का? एका हातात विळा असेल तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला बटण सापडतं का? रेंज गेली तर भरलेली माहिती राहते की पुसली जाते? वाचायला अडखळणाऱ्या आजोबांना कुठलं चित्र कळेल? याची उत्तरं वर्गात बसून मिळत नाहीत. शेतावर जाऊन, मध्ये न बोलता, समोरच्याचं बोट कुठे थबकतं ते बघत बसावं लागतं. मला विचाराल तर या शिक्षणातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम हेच.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. जवळ कागद-पेन्सिल असेल तर 'आचार्य' लिहा आणि त्याखाली 'दुसऱ्या' लिहा. पहिल्या शब्दात र वर चढून रफार होतो. दुसऱ्यात तो खालीच, य च्या आधी, एक बारीक वळण होऊन बसतो. हा फरक मराठी वाचणाऱ्याला सहज कळतो, संगणकाला मात्र तो कुणीतरी शिकवावा लागतो. हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचंही तसंच. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली.

संगणकाला लिपी शिकवण्याचं हे काम ज्यांनी पायापासून केलं, त्यांत र. कृ. जोशी यांचं नाव आदरानं घ्यायला हवं. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रात मुरलेले आणि पुढे आयडीसीत शिकवणारे. विंडोजवर देवनागरी वाचताना वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फाँटशी आपली गाठ पडली, तो त्यांचा. बोरू धरणारा हात आणि संगणकाचं तर्कशास्त्र एकाच माणसात भेटलं म्हणून ते झालं. आज मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेनं केलेला 'मुक्त' हा फाँट कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, उघडून त्याची अक्षरं आतून तपासता येतात. चित्रकलेची आवड असलेल्या मुलांनी सुट्टीत हे जरूर करावं.

प्रवेशाबद्दल थोडक्यात सांगतो. आयआयटीतल्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा असते, पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड. यूसीडला कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेचे विद्यार्थी बसू शकतात, त्यामुळे गणित सोडलेल्यांनी आधीच माघार घेऊ नये. चित्र मात्र हातानं काढावं लागतं.

खासगी संस्थांची फी भरमसाट असते, म्हणून पालकांना कळकळीनं सांगतो: पैसे भरण्याआधी तिथे प्रत्यक्ष जा. संगणकांची खोली दाखवतील, ती बघा आणि पुढे सरका. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प मागा. त्यातला एक निवडा आणि तो करणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा: हे कुणासाठी केलंस, त्या माणसांना किती वेळा भेटलास, आणि त्यांना भेटल्यावर तुझ्या पहिल्या आराखड्यातलं काय बदललं?