लातूर ग्रामीण : उरलेल्या गावांचा मतदारसंघ

(दृश्य : लातूरचा रेणापूर नाका. सकाळची गर्दी. दुधाच्या किटल्या, काळीपिवळी जीप, पाठीवर दप्तर घेतलेली मुलं.)

लातूर शहरातला हा रेणापूर नाका. सकाळ झाली की आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं इथं उतरायला लागतात. कुणाला दूध घालायचंय, कुणाचा सोयाबीनचा कट्टा आडतीला लागलाय, कुणाची मुलगी शिकवणीला निघालीय. दवाखाना लातुरात, कचेरी लातुरात, कापडचोपड लातुरात. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीपर्यंत ही माणसं लातूरची असतात.

मतदान मात्र त्यांचं लातूर शहरात नाही. ते आहे लातूर ग्रामीणमध्ये. विधानसभा मतदारसंघ क्रमांक २३४.

(दृश्य : भिंतीवरचा नकाशा. बोट हद्दीवरून फिरतं.)

नकाशात पाहा. मधोमध लातूर शहर, त्याचा क्रमांक २३५. त्याला लागून, त्याच्या भोवती पसरलाय ग्रामीण. यात पूर्ण रेणापूर तालुका आहे. लातूर तालुक्यातली शहराबाहेरची मुरूडसारखी मोठी गावं आहेत. औसा तालुक्यातून भादा मंडळ, म्हणजे महसुलासाठी एकत्र धरलेला गावांचा गट, आणून जोडलंय. तीन तालुक्यांतून गोळा केलेली ही गावं. रेणापूरकर आणि मुरूडकर एकमेकांना भेटतात तेही बहुधा लातुरातच, म्हणजे स्वतःच्या मतदारसंघाबाहेर.

हे असं का झालं, त्यासाठी मागं जावं लागेल.

(दृश्य : लातूरची जुनी छायाचित्रं. गंजगोलाई. बाजाराचा दिवस.)

१९५२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापाराचं गाव. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि लातूरला स्वतःचा जिल्हा मिळायला १९८२ उजाडलं. या सगळ्या काळात लातूर नावाचा मतदारसंघ एकच होता. गंजगोलाईतला व्यापारी आणि मांजराकाठचा शेतकरी एकाच आमदाराला निवडून देत होते.

त्या मतदारसंघानं माणसंही तशीच दिली. काँग्रेसचे केशवराव सोनवणे. १९६७ मध्ये समाजवादी बापू काळदाते. १९७३ ते १९८० शिवराज पाटील चाकूरकर, पुढे लोकसभेचे अध्यक्ष. आणि १९८० पासून विलासराव देशमुख. बाभळगावचे सरपंच, मग आमदार, मग मंत्री. १९९५ मध्ये याच मतदारांनी विलासरावांना घरी बसवलं. जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर मोठ्या फरकानं निवडून आले. चारच वर्षांनी, १९९९ ला, त्याच मतदारांनी विलासरावांना पुन्हा विधानसभेत पाठवलं आणि ते मुख्यमंत्री झाले. गाव आणि शहर मिळून नेत्याला जाब विचारू शकत होते, हे आम्हाला त्या काळाचं सगळ्यात मोलाचं वाटतं.

(दृश्य : रेणापूर. रेणुकामातेचं मंदिर, पायऱ्या, नारळाची दुकानं. पुढे माळरान.)

आता रेणापूर. हे रेणुकामातेचं गाव लातूर जिल्ह्यात असलं, तरी रेणापूर नावाचा मतदारसंघ दोन जिल्ह्यांत पसरला होता. बीड जिल्ह्यातला परळीचा भाग त्यातच होता, आणि त्याचे आमदार होते गोपीनाथराव मुंडे. १९८० ला ते इथून पहिल्यांदा विधानसभेत गेले. १९८५ ला पडले. १९९०, १९९५, १९९९, २००४ असे सलग चार वेळा निवडून आले. १९९५ ला लातूरकरांनी विलासरावांना नाकारलं, त्याच निवडणुकीनंतर शेजारच्या रेणापूरचे मुंडे राज्याचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले. चार वर्षांनी उलट घडलं. एकमेकांना लागून असलेले हे दोन मतदारसंघ त्या दशकात आळीपाळीनं मंत्रालयात पोहोचत होते. दोघांचे पक्ष वेगळे, मैत्री मात्र सगळ्या महाराष्ट्राला माहीत.

(दृश्य : उसाचा फड. कोयते. मोळ्या बांधणाऱ्या बायका. कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग.)

हा फड जरा थांबून पाहा. मांजराकाठी ऊस उभा आहे, आणि त्यावर कारखाने चालतात : मांजरा, निवळीचा विलास, रेणापूर तालुक्यात निवाड्याचा रेणा. हे देशमुखांच्या सहकाराचं राज्य. आणि जे हात कोयता चालवतायत, त्यातले कितीतरी बीडच्या डोंगरपट्ट्यातून आलेले. त्या ऊसतोड मजुरांचे नेते होते मुंडे. म्हणजे लातूर ग्रामीण कागदावर येण्याच्या कितीतरी आधी या दोन नेत्यांची माणसं एकाच फडात उभी होती. एकाच मतपत्रिकेवर मात्र ती आली नव्हती.

(दृश्य : तहसील कार्यालयातले गठ्ठे, मंडळांची नावं लिहिलेले कप्पे, नकाशावरची लाल रेघ.)

ती आली एका कायद्यामुळे. २००२ चा परिसीमन कायदा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखण्याचा कायदा. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग परिसीमन आयोगाचे अध्यक्ष. राज्याच्या जागा २८८ च राहणार होत्या, पण २००१ च्या जनगणनेचा आधार घेऊन प्रत्येक जागेची हद्द नव्यानं आखायची होती. एक नियम असा की विधानसभेचा मतदारसंघ एकाच जिल्ह्यात बसला पाहिजे. झालं. दोन जिल्ह्यांत पाय असलेल्या रेणापूरला जागा उरली नाही. परळीचा भाग बीडमध्ये राहून परळी मतदारसंघ झाला, रेणापूर तालुका इकडे लातूरच्या बाजूला सुटला.

दुसरा नियम लोकसंख्येचा. लातूर शहर वाढलं होतं, शहर आणि आजूबाजूची खेडी मिळून एका मतदारसंघात मावत नव्हती. शहराला स्वतंत्र मतदारसंघ मिळाला आणि खेडी बाहेर राहिली. हद्दी ठरल्या महसूल मंडळांवर. कुठलं मंडळ जोडलं की आकडा भरतो, हे पाहायचं. रेणापूर तालुका घेतला, लातूर तालुक्यातली उरलेली मंडळं घेतली, भादा घेतलं. आयोगाच्या मदतीला आमदार-खासदार सहयोगी सदस्य म्हणून होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. मसुदा राजपत्रात आला, हरकती मागवल्या, जाहीर सुनावण्या झाल्या. १९ फेब्रुवारी २००८ ला राष्ट्रपतींच्या आदेशानं नव्या हद्दी लागू झाल्या. त्याच फेररचनेत जिल्ह्यातला हेर हा राखीव मतदारसंघ गेला आणि उदगीर राखीव झालं.

कुणाच्या मनात वाईट होतं असं नाही. नियम नियमानं चालले. पण या आखणीत एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नव्हती : या गावांना एकमेकांशी जोडणारं काय आहे?

(दृश्य : पानगाव. जुनं हेमाडपंती विठ्ठल मंदिर. मग ६ डिसेंबरची गर्दी, पांढरे कपडे, हातात मेणबत्त्या.)

प्रत्येक गावाला स्वतःचं काही ना काही आहे, यात शंका नाही. हे रेणापूर तालुक्यातलं पानगाव. इथं जुनं विठ्ठल मंदिर आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जतन केलेलं चैत्यस्मारकही. महापरिनिर्वाणदिनी दूरदूरहून माणसं इथं येतात.

(दृश्य : प्रचाराच्या भिंती, पुसट झालेली निशाणं. मतदानाची रांग.)

ऑक्टोबर २००९. नव्या हद्दींवर विधानसभेची पहिली निवडणूक. विलासराव केंद्रात मंत्री होते. त्यांचे चिरंजीव अमित देशमुख लातूर शहरातून उभे राहिले. गोपीनाथराव त्याच वर्षी बीडमधून लोकसभेवर गेले होते. त्यांच्या कन्या पंकजा परळीतून उभ्या राहिल्या. दोघंही निवडून आले. मुंड्यांचा वारसा परळीकडे गेला, देशमुखांचा शहराकडे, आणि दोन्ही जुन्या मतदारसंघांतली उरलेली गावं इथं एकत्र आली. पहिले आमदार काँग्रेसचे वैजनाथ शिंदे, २०१४ ला काँग्रेसचेच त्र्यंबकराव भिसे. दोन्ही वेळा भाजपचे रमेश कराड दुसरे. ना शिंदे, ना भिसे, मतदारसंघाबाहेर फारशी कुणाच्या तोंडी ही नावं आली नाहीत. पण इथल्या गावांना तेव्हा पहिल्यांदाच कुठल्या मोठ्या नावाशिवाय आमदार मिळाला होता, आणि आम्हाला ती साधी गोष्ट वाटत नाही.

(दृश्य : मतदान यंत्राचा नमुना. सगळ्यात खालचं बटण.)

हे शेवटचं बटण. ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानं ते यंत्रावर आलं. २०१९ मध्ये भाजप-शिवसेना युतीच्या वाटपात लातूर ग्रामीण शिवसेनेला गेलं. दोनदा लढलेले कराड रिंगणात नव्हते. समोर काँग्रेसचे धीरज देशमुख, विलासरावांचे धाकटे चिरंजीव. २४ ऑक्टोबरला निकाल लागला. धीरज देशमुख यांना १ लाख ३५ हजार मतं. दुसऱ्या क्रमांकावर नोटा, २७ हजार ५०० च्या घरात. शिवसेनेचा उमेदवार तिसरा, साडेतेरा हजारांवर.

राज्यभर बातमी झाली आणि दोन दिवसांत विरली. आम्ही मात्र त्या आकड्यापाशी थांबतो. एवढी माणसं कामधंदा सोडून केंद्रावर आली, रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि म्हणाली, आमच्यासाठी यात कुणी नाही. घरी बसणं सोपं होतं. ती घरी बसली नाहीत. पक्षांच्या नाराजीचं गणित त्यात असेलही, पण जागावाटपात ज्यांना विचारलंच नाही, त्यांच्याकडे बोलायला एवढंच एक बटण होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपचे रमेश कराड साडेसहा हजारांच्या फरकानं धीरज देशमुखांना हरवून आमदार झाले.

(दृश्य : शहराच्या कडेचं शेत, त्यात चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. पलीकडे सोयाबीनची गंजी.)

मधल्या काळात शहर थांबलेलं नाही. २०११ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शेतात चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट विकले गेले. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या गाडीच्या बातम्या देशभर चालल्या. त्याच उन्हाळ्यात खेड्यांतल्या विहिरीही कोरड्याच होत्या.

(दृश्य : पुन्हा नकाशा. लाल रेघ.)

ही रेघ आता पुन्हा हलणार आहे. राज्यघटनेनं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या गोठवलेली आहे, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झालीय. त्यानंतर पुन्हा आयोग बसेल, मसुदा राजपत्रात येईल, हरकतींना मुदत मिळेल आणि जाहीर सुनावणी होईल. लातूरला चिकटलेली गावं शहरात जातील की ग्रामीणमध्ये राहतील, रेणापूर कुणाला जोडलं जाईल, भादा औशाकडे परत जाईल का, हे तिथं ठरेल. रेणापूर, मुरूड, पानगाव, भादा इथल्या ग्रामसभांनी आपलं म्हणणं आत्ताच ठरावात लिहून ठेवावं : आम्हाला कुणाबरोबर राहायचंय, आणि का. हरकत नोंदवायला कुठल्या पक्षाचं तिकीट लागत नाही.