हरणांची नाइट शिफ्ट

नमस्कार मंडळी, आज बोलूया अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाबद्दल, तेच ते, बिचकलं की शेपटी उभी करून खालचा पांढरा झुपका दाखवत पळणारं. तिकडे उत्तरेला बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर हा यांचा माजाचा महिना आणि बंदुकीच्या शिकारीचा सीझनही साधारण तेव्हाच, मग दरवर्षी शिकाऱ्यांची कुरकुर ठरलेली, नर दिसतच नाहीत, यंदा थंडी नाही म्हणून माजच आला नाही. अहो, थंडीचा काय संबंध! दिवस लहान होत गेला की हरणाचे हार्मोन्स बदलतात, म्हणजे वेळापत्रक उजेडाचं, बंदुकीचं तर नाहीच नाही.

मग नर जातात कुठे? कुठेच नाही. जीपीएस कॉलर लावून लोकांनी बघितलंय, शिकार सुरू झाली तरी जाणता नर सहसा आपला मुलूख सोडत नाही, फक्त दिवसा दाट झाडीत बसून राहतो आणि अंधार पडला की उठतो. मचाणावर माणूस बसून गेला तर पुढचे काही दिवस ती जागा दिवसाउजेडी टाळतात, रात्री मात्र बिनधास्त येतात.

आता नराची एक सवय बघा, लोंबणाऱ्या फांदीखाली खुराने जमीन उकरायची, त्यावर मुतायचं, मुततानाही मागचे पाय जवळ घेऊन त्यांच्या मधल्या सांध्याच्या आतल्या केसांवरून ओघळू द्यायचं, आणि वरची फांदी चघळून तिच्यावर डोळ्याजवळची ग्रंथी घासायची. सकाळी ती ओली माती बघून शिकारी खूश, दिवसभर तिथेच ठाण मांडून. पण या खड्ड्यांवरची बहुतेक ये-जा रात्रीचीच असते हो!

तरी दिवसा कोणीच फिरत नाही असं नाही. मादी माजावर असते जेमतेम एक-दोन दिवस, तेवढ्यात गाठायची म्हणून नर खाणं विसरतो, हंगामात वजन वीस-पंचवीस टक्के उतरतं, आणि अशा धुंदीतच दुपारी उघड्यावर येऊन मारला जातो.

खरं नुकसान वेगळंच आहे. मोठे नर फार मारले गेले आणि कळपात माद्याच माद्या उरल्या की काही पहिल्या खेपेला गाभण होत नाहीत, त्या साधारण २८ दिवसांनी परत माजावर येतात, म्हणजे माज लांबत जातो. गर्भ २०० दिवसांचा, तेव्हा जूनचं पाडस जुलैत जन्मतं, आणि बर्फ काही त्याच्यासाठी महिनाभर थांबत नाही, थंडी येते तेव्हा त्याच्या अंगावर पुरेशी चरबीही नसते.