एक फटका, एक धाव

लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम. ९ सप्टेंबर १९६५, गुरुवारची रात्र. बेसबॉलचा सामना.

यजमान डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे सँडी कोफॅक्स. पाहुण्या शिकागो कब्सचा, बॉब हेंडली. दोघंही डावखुरे. कोफॅक्सचं नाव अमेरिकेत पोराटोरांच्या तोंडी आहे. हेंडलीचं नाही. म्हणूनच आज या सामन्यात त्याच्याकडे नीट बघायचं.

बेसबॉलचे नऊ डाव, डावाला तीन बाद. एकूण सत्तावीस. फलंदाज तीन बेस ओलांडून जिथून निघाला त्या ‘घरी’ परतला की एक धाव. सत्तावीसही फलंदाज पहिल्या बेसवर पाय न ठेवता परतले, तर पिचरच्या नावावर ‘परफेक्ट गेम’ लागतो. उभ्या कारकिर्दीत बहुतेकांना तो एकदाही जमत नाही.

कोफॅक्सच्या डाव्या कोपराला संधिवात जडलाय. सामन्याआधी कातडीची आग करणारं मलम, सामन्यानंतर कोपर बर्फाच्या पाण्यात. त्याच हातातून सुटलेला कर्व्ह चेंडू वरून येता येता ऐनवेळी खाली कोसळतो आणि बॅट हवेत फिरते.

पण पहिले चार डाव बघा. हेंडलीनंही बारापैकी बारा जण तसेच परत पाठवलेत! दोन्ही फलकांवर नुसती शून्यं.

पाचवा डाव. डॉजर्सचा लू जॉन्सन वॉक मिळून, म्हणजे चार चुकीचे चेंडू पडल्यामुळे फुकटात, पहिल्या बेसवर जातो. पुढचा फलंदाज रॉन फेअरली बॅट आडवी धरून चेंडू हळूच खाली टाकतो. हेंडलीच्या हातून चेंडू क्षणभर निसटतो. तो फेअरलीला बाद करतो खरा, पण जॉन्सन तोवर दुसऱ्या बेसवर पोचलेला असतो. मग फटक्याची वाट न बघता जॉन्सन तिसरा बेस चोरायला धावतो. कब्सचा नवखा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, ख्रिस क्रुग त्याला टिपायला चेंडू फेकतो, आणि तो तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या डोक्यावरून थेट डाव्या मैदानात. जॉन्सन घरी. एक धाव.

या धावेत एकही हिट, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका, नाही. हेंडलीनं अजून एकही हिट दिलेली नाही, आणि तो मागे पडलाय.

सातव्या डावात, दोन बाद असताना, पुन्हा जॉन्सनच. चेंडू पहिल्या बेसच्या मागे रिकाम्या जागेत अलगद पडतो. डबल, म्हणजे एका फटक्यात थेट दुसरा बेस. अख्ख्या सामन्यातली ही एकमेव हिट, आणि बेसवर पोचलेला माणूसही एकच: लू जॉन्सन. तिथून तो पुढे सरकत नाही.

आता नववा डाव. पहिला फलंदाज तोच, क्रुग. चुकलेल्या फेकीची भरपाई करायची त्याची शेवटची संधी. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले चांगले चेंडू) आणि बाद: स्ट्राइकआउट. मग जो अमाल्फिटानो. स्ट्राइकआउट. शेवटी हार्वी कीन. दोन वर्षांपूर्वी कोफॅक्सच्या नो-हिटरमध्येही (एकही हिट न दिलेल्या सामन्यात) शेवटचा बाद झालेला हाच. बॅट फिरते... स्ट्राइकआउट!

शेवटचे सहाच्या सहा फलंदाज स्ट्राइकआउट, एकूण चौदा. कोफॅक्सचा परफेक्ट गेम. डॉजर्स १, कब्स ०.

कोफॅक्सभोवती गर्दी लोटते, आणि ते योग्यच. पण फक्त एक हिट देऊन हरलेल्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, हे मनातून जात नाही.

पाच दिवसांनी शिकागोच्या रिग्ली फील्डवर हेच दोघं पुन्हा समोरासमोर आले. त्या दिवशी कब्स जिंकले, २-१. जिंकलेला पिचर, बॉब हेंडली.