आरशाच्या तुकड्यातलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. रेडिओवर चित्र काही दाखवता येत नाही, तेव्हा खुशाल डोळे मिटून ऐका. दिवस कलला आहे. गर्द झाडी, तिच्या पायाशी संथ पाणी. गुरं पाण्यात उतरून पितायत. काठावर गावातली चार माणसं टेकली आहेत. घाई कुणालाच नाही.

थॉमस गेन्सबरो या इंग्रज चित्रकाराचं १७७७ सालचं हे चित्र, 'द वॉटरिंग प्लेस'. आपण सरळ 'पाणवठा' म्हणू. पाच फूट उंच, सहा फूट रुंद, आणि आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

हा पाणवठा इंग्लंडच्या नकाशात शोधायला जाल, तर दमाल. गेन्सबरोची निसर्गचित्रं बरेचदा टेबलावर जन्मायची. तिथं तो छोटासा देखावा मांडायचा आणि त्यावरून चित्र काढायचा. दगडाचे, कोळशाचे तुकडे म्हणजे डोंगर. वाळलेला पाला, शेवाळ म्हणजे झुडपं. लांबची झाडी? चक्क ब्रोकोलीचे तुरे! आणि पाण्याच्या जागी आरशाचा तुकडा. पुन्हा हे सगळं रात्री, मेणबत्तीच्या उजेडात.

हे वाचलं तेव्हा मला आमचा दिवाळीतला किल्लाच आठवला. दगड-मातीचा डोंगर, वर ओलं पोतं, त्यावर पेरलेले आळीव, आणि खाली वडिलांच्या दाढीच्या फुटक्या आरशाचं तळं. आरशाच्या कडा मातीखाली नीट दडवल्या नाहीत, तर तळं लगेच आरसा दिसायला लागतं. गेन्सबरोलाही ही कड दडवावी लागत असणार!

बरं, एवढा खटाटोप कशासाठी? त्याचं पोट चालायचं व्यक्तिचित्रांवर. सरदार, त्यांच्या बायका, रेशमी झगे. या तोंडांचा मला वीट आलाय, आपलं व्हायोल हे तंतुवाद्य घेऊन एखाद्या खेड्यात जावं आणि निसर्गचित्रं काढत बसावं, असं त्यानं एका मित्राला पत्रात लिहिलं होतं. गिऱ्हाईक मात्र चेहऱ्यांनाच. निसर्गचित्रं बरीचशी त्याच्याच घरात पडून राहिली. गंमत म्हणजे एका लॉर्डनं आपल्या जागेचं दृश्य काढून मागितलं, तर यानं नकार कळवला. खऱ्या जागांमध्ये त्याला चित्र दिसेचना. मला हा हट्ट मनापासून आवडतो.

पुढे १७८०च्या दशकात त्यानं एक लाकडी पेटीही केली. काचेवर रंगवलेली चित्रं आत सरकवायची, मागे मेणबत्त्या लावायच्या आणि पुढच्या भिंगातून बघायचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ती पेटी आजही आहे. मागची ज्योत जरा हलली, की काचेवरचं पाणीही हलत असेल.