हातचं न राखता

(पहिली पाळी नुकतीच सुरू झालीय. पडद्यावर फक्त दोन हात आणि एक मायक्रोमीटर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं साधन.)

हा २२ मिलिमीटरचा शाफ्ट, आत्ताच लेथवरून उतरलाय. काकांनी तो हात लावून बघितला, गार होऊ दिला. फडक्याने पुसला. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसली. मग टोकाचं रॅचेट, म्हणजे छोटी फिरकी, दोन बोटांनी फिरवलं. टक्, टक्, टक्. माप घेतलं, शाफ्ट ट्रेमध्ये ठेवला. तीस वर्षं हेच काम करताहेत. आपण नेमकं काय काय केलं, हे त्यांना आता विचारूनही सांगता येत नाही. हात सांगतात, तोंड सांगत नाही.

मी आयटीआय करून पहिल्यांदा कारखान्यात उभा राहिलो तेव्हा मला दोनच शब्द मिळाले होते, "बघून शीक." मी बघितलं. शेजारी प्रेस धडधडत होता, रॅचेटची टकटक मला ऐकूच आली नाही. मी रॅचेटऐवजी थिंबल, म्हणजे त्याच्या पुढची जाड फिरती नळी, धरून आवळत राहिलो. थिंबल जास्त आवळलं की माप खऱ्यापेक्षा कमी दिसतं. शाफ्ट जाड राहिले, बेअरिंग बसेनात, चाळीस नग पुन्हा मशीनवर चढवावे लागले. बोलणी मी खाल्ली. मला शिकवायचं काम कुणाचं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न कारखान्यांना फार पूर्वीच पडला होता.

१९४० साली युद्धाच्या तयारीत असलेल्या अमेरिकेत कारखान्यांत नवखी माणसं लोटली. दुर्बिणींसाठी, बंदुकींच्या नेमसाधनांसाठी भिंगं लागत होती आणि भिंगं घासणारे कसबी कारागीर पुरेसे नव्हते. हे काम शिकायला वर्षं लागतात, अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्ष कामाकडे बारकाईने बघितलं तेव्हा दिसलं की एकच कारागीर वेगवेगळी अनेक कामं करतोय, आणि त्यातली कितीतरी नीट शिकवली तर नव्या माणसालाही जमतील. त्याच वर्षी तिथे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' ही सरकारी योजना उभी राहिली. चॅनिंग डूली तिचे प्रमुख. त्यांनी सुरुवात कामगारांपासून केली नाही. आधी सुपरवायझरला शिकवलं, कसं शिकवायचं ते.

दहा जणांचा गट, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. पहिल्या बैठकीत एक गाठ असायची. लटकत्या दिव्याच्या होल्डरमध्ये वायरला मारतात ती. दिव्याचा भार स्क्रूंवर न येता गाठीवर यावा म्हणून. शिकवणारा आधी ती नुसती तोंडाने सांगायचा. कुणाला यायची नाही. मग समोर उभा राहून नुसती करून दाखवायचा. तरी यायची नाही, समोरून डावं-उजवं उलटं दिसतं ना! मग तो शिकणाऱ्याला शेजारी घ्यायचा. भीती घालवायची, या कामाची काय माहिती आहे ते विचारायचं. एकेक टप्पा दाखवायचा, कुठे सांभाळायचं आणि का, ते सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करता करता त्यानेच कारण सांगायचं. शेवटी त्याला कामावर सोडायचं, अडलास तर कुणाकडे जायचं ते सांगून, आणि आधी वारंवार, मग कमी कमी चक्कर मारायची. खिशात मावणाऱ्या कार्डावर एक वाक्य छापलेलं असायचं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही.

१९४५ साली योजना बंद झाली, तोवर १६ हजारांहून अधिक कारखान्यांत ती पोचली होती. युद्धानंतर जपानने ती उचलली. टोयोटात ती १९५०च्या दशकात आली आणि तिथल्या कामाच्या पद्धतीत मुरली.

आता पुण्याजवळच्या भोसरीत, काकांच्या कारखान्यात परत येऊ.

इथे मालकांनी चार जण निवडले. सगळ्यांत झपाट्याने नग काढणारे नव्हे, ज्यांच्याजवळ पोरं न घाबरता जातात ते. प्रत्येकाने आपलं एक काम कागदावर उतरवलं. तीन रकाने: काय करायचं, काय सांभाळायचं, का. काकांना एका मायक्रोमीटरला अख्खी दुपार लागली. लिहायचे, खोडायचे, पुन्हा शाफ्ट हातात घ्यायचे. "हे मी करतो होय?" असं स्वतःशीच म्हणाले. रॅचेटपुढे शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय: 'दर वेळी दाब सारखाच पडतो.' निम्मी पोरं बिहारची, म्हणून कागदाची हिंदी प्रतही निघाली. भिंतीवर एक तक्ता लागला: वर माणसं, बाजूला कामं, आणि चौकटीत कोणाला कोणतं काम कोणत्या तारखेपर्यंत यायला हवं.

यातलं सगळ्यांत अवघड काम कागदाचं नाहीच. मालकांना शिकवणाऱ्याचं रोजचं टार्गेट कमी करावं लागलं. हे मी ठामपणे सांगतो: तेवढेच नग काढ आणि वर पोरांनाही शिकव, असं म्हणाल तर तो पोरांना बाजूला सारून नगच काढणार. आणि दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. आपल्याकडे मिस्त्री हातचं राखून शिकवतो. त्याला दोष देऊ नका. सगळं देऊन टाकलं तर उद्या मला कोण विचारणार, ही धास्ती खरी आहे. काकांनीही ती बोलून दाखवली. त्यावर मालकांनी शिकवण्याच्या कामाचा वेगळा भत्ता सुरू केला आणि तो पगाराच्या चिठ्ठीवर लिहून दिला. काका ती चिठ्ठी बराच वेळ वाचत होते.

(मायक्रोमीटर पुन्हा पडद्यावर. या वेळी हात वेगळे, कोवळे.)

हा मुलगा अप्रेंटिस आहे, तिसरा आठवडा. काका त्याच्या शेजारी उभे आहेत, हात मागे बांधून. मुलगा तोंडं पुसतो. थिंबलला हात घालतो, थांबतो, बोटं मागे रॅचेटवर नेतो.

"का रे?" काका विचारतात.

"दाब सारखा पडायला पाहिजे, काका."

टक्, टक्, टक्.

"बोल, किती?"

"एकवीस पॉइंट नऊ आठ."

काका मायक्रोमीटर मागून घेत नाहीत. पुढचा शाफ्ट उचलून त्याच्या हातात देतात.