जंत लिव्हरमध्ये पोचतो कसा?

लिव्हरचा आजार म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात : कावीळ आणि दारू. त्यामुळे सोनोग्राफीत गाठ दिसली आणि ती परजीवीची निघाली, की पेशंटचा प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, जंत पोटात होतात ना? हा इथे कसा आला?" आज मी या 'कसा आला'वरच बोलणार आहे. औषधं आहेत, बरीचशी चांगली आहेत. पण जंत यकृतात शिरल्यावर आपण त्याच्यामागे धावत असतो. त्याला अडवायची जागा आधीच्या वाटेवर असते.

आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून ते आधी यकृतात येतं. म्हणजे यकृत हा जकात नाकाच. आतड्याची भिंत पोखरून रक्तात उतरलेला अमीबा (हा जंत नव्हे, एकाच पेशीचा परजीवी) पहिल्यांदा अडकतो तो इथे, बहुधा उजव्या भागात. मग गळू होतं. सुईने पू काढला तर तो चॉकलेटच्या रंगाचा, बिनवासाचा. त्यात अमीबा शोधायला जावं तर सहसा सापडत नाही. तो गळवाच्या कडेला बसलेला असतो. यातल्या पुष्कळांना जुलाब झालेलेच नसतात, म्हणून पोटाचा संशय येत नाही. नुसता ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. मेट्रोनिडाझोलने तीन-चार दिवसांत ताप उतरतो आणि पेशंट दवाखान्याकडे फिरकत नाही. आतड्यात उरलेल्या अमीबाचं औषध वेगळं असतं, ते राहूनच जातं. आणि हो, नळाच्या पाण्यात असतं तेवढ्या क्लोरीनला त्याची सिस्ट, म्हणजे कवचात बसलेलं रूप, दाद देत नाही. पाणी उकळावं लागतं.

लिव्हर फ्लूक हा नाका चुकवून येतो. गुरामेंढ्यांचा हा चपटा जंत, पानासारखा, दोन-तीन सेंटिमीटरचा. पिल्लू आतड्याची भिंत फोडून पोटाच्या पोकळीत उतरतं, यकृताला बाहेरून भोक पाडतं आणि काही आठवडे ते कुरतडत पित्तनलिकेत पोचतं. त्याआधीचा त्याचा मुक्काम गोगलगायीत असतो. ऑक्सफर्डचे थॉमस आणि लायपझिगचे लॉयकार्ट यांनी १८८०च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे शोधून काढलं. गोगलगायीतून बाहेर पडलेली पिल्लं पाण्यातल्या पानांना चिकटून कवच करून बसतात. ती नुसत्या धुण्याने निघत नाहीत. पाण्यात वाढलेली भाजी शिजवूनच खायची.

याचे भाऊबंद माशातून येतात. त्यातला चिनी फ्लूक पहिल्यांदा सापडला तो १८७४ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात, मॅक्कॉनेल यांनी केलेल्या एका शवविच्छेदनात. हे वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहतात आणि तिथे कॅन्सरला कारण होतात. ईशान्य थायलंडात हा प्रश्न फार मोठा आहे. गोळी घेऊन जंत मरतो, पण कच्चा मासा ताटात आला की पुन्हा पहिले पाढे. लिंबू पिळून मासा शिजत नाही, एवढंच सांगतो.

आता हायडॅटिड. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं. कुत्र्याच्या आतड्यातला हा पट्टकृमी जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. माणसाच्या यकृतात मात्र त्याची गाठ नारळाएवढी होऊ शकते. ऑपरेशनमध्ये ती उघडली की आत पांढरं, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत अस्तर, स्वच्छ पाणी आणि तळाशी रेतीसारखा गाळ. त्या रेतीचा कण न् कण म्हणजे नवा जंत व्हायच्या तयारीत असलेलं डोकं. गाठ पोटात फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, म्हणून तिला हात लावताना आम्ही धास्तावलेले असतो.

आइसलँडमध्ये एकेकाळी या आजाराने कहर केला होता. १८६३ साली क्राबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेले. त्यांनी कुत्री चिरून पाहिली, तर साधारण चारांत एकाच्या आतड्यात हा जंत. मेंढी कापायची, गाठी असलेलं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकायचं, तेच कुत्रं घरात वावरायचं, त्याच्यातल्या जंताची अंडी माणसांच्या आणि मेंढ्यांच्या पोटात जायची, चक्र पुरं. क्राबेंनी साध्या भाषेत पुस्तिका लिहिली, ती घरोघर वाटली गेली. १८६९ मध्ये कुत्र्यांविषयी कायदा झाला. पुढे विसाव्या शतकात तो देश या आजारातून सुटला. सुरुवात झाली तेव्हा या जंतावर आजच्यासारखी गोळी नव्हती, हे लक्षात घ्या. कुत्र्याच्या तोंडचं कच्चं काळीज तेवढं काढून घेतलं.

"म्हणजे कुत्रं पाळू नये का?" हा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. जरूर पाळा. त्याला वेळेवर जंताचं औषध द्या, कच्चं काळीज-फुप्फुस घालू नका, आणि त्याला कुरवाळून तसंच जेवायला बसू नका. जंताची अंडी त्याच्या केसांना लागलेली असतात. दुसरी चिठ्ठी : "माझ्या लिव्हरमध्ये अशी गाठ आहे, घरच्यांना लागण होईल का?" नाही. हा जंत पुढे जायला ती गाठ कुत्र्याच्या पोटात जावी लागते. तुमचं यकृत कुत्र्याच्या ताटलीत पडत नाही, तोवर घरच्यांनी तुमच्या शेजारी बसून खुशाल जेवावं.